उन्हाची कमी नाही

अकोल्याहून रेल्वेनं शेगावला निघालं की मध्ये पारस लागतं. तिथल्या वीज केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. आत काय चालतं? कोळसा जाळून पाणी उकळतात, त्या वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज होते, ती तारांवरून आपल्या घरी येते आणि आपण ती गिझरला जोडून परत पाणीच तापवतो. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. बाकीची चिमणीतून आणि कूलिंग टॉवरमधून आभाळात जाते. तीन बादल्यांचं सरपण तिकडे जळतं, तेव्हा इकडे एक बादली तापते.

आमच्या अमरावतीची तऱ्हा याहून वेगळी. नांदगाव पेठला १३५० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे आणि त्याला पाणी अप्पर वर्धा धरणाचं. माझ्या घरच्या नळालाही पाणी येतं ते अप्पर वर्धाचंच. शेतीचं पाणी वीज प्रकल्पाला का देता, म्हणून २०१०च्या सुमारास इथे जी आंदोलनं झाली, ती जुन्या वाचकांना आठवत असतील. एकाच धरणाचं पाणी तिकडे उकळतं, म्हणून इकडे कोमट होतं.

आणि हे सगळं कुठे, तर वऱ्हाडात. जिथे २०२४च्या मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला आणि उन्हापायी अकोल्यात १४४ कलम लावावं लागलं, त्या मुलखात! ऊन हे सरपण आहे, हे काही आज सुचलेलं नाही. १८७८ साली मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यावर पुस्तक छापलं होतं. आरशांची रांग लावून त्यानं बॉयलरवर ऊन पाडलं आणि त्या वाफेवर इंजिन चालवून दाखवलं. उष्ण देशांत सरपणाऐवजी ऊन वापरा, असं त्याचं म्हणणं. मुंबईच्या दमट आभाळाखाली त्याला हे सुचलं. मे महिन्यात मूर्तिजापूरला येऊन गेला असता तर आरशांचा खर्चही वाचला असता.

माझ्याकडे लोक हल्ली विचारतात, सौर बसवू का? वऱ्हाडात ‘सौर’ एवढंच म्हटलं तरी चालतं, पुढचं हीटर कोणी लावत नाही. याचं उत्तर देण्याआधी थोडं गणित केलेलं बरं. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. जानेवारीत टाकीतलं पाणी २० अंशांच्या आसपास असतं, अंगाला ४० बरं वाटतं. वीस लिटरच्या बादलीला झाल्या ४०० किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडी कमी वीज. चार माणसांच्या घरात सकाळी दोन युनिटं, महिन्याला साठ. रुपयांत पाहिलं तर फार नाही वाटत. पण महावितरणच्या बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर वेगळा आणि १०१ पासूनचा वेगळा. थंडीत पंखे-कूलर बंद असूनही ज्यांचं बिल शंभरीच्या पलीकडे उडी मारतं, त्यांच्याकडे ती उडी बहुतेक वेळा गिझर मारून देतो.

केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं फार पूर्वीपासून एक आकडा दिलेला आहे: रोज शंभर लिटर पाणी तापवणारा सौरबंब वर्षाला साधारण १५०० युनिटं वाचवतो. विकणारा माणूस हाच आकडा माहितीपत्रकावर ठळक छापतो. पण हा बारा महिने गरम पाणी लागणाऱ्या घराचा हिशेब झाला, पुण्या-बेंगळुरूचा. आमच्याकडे गरम पाणी लागतं दिवाळी ते होळी. पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना लागतं, ते वेगळं. एप्रिल-मेमध्ये तर प्रश्नच उलटा होतो. स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. लोक रात्रीच बादल्या भरून न्हाणीत ठेवतात, सकाळपर्यंत जरा निवतील म्हणून. त्या दिवसांत सौरबंब असला तर त्याच्या नळ्यांवर हिरवी जाळी नाहीतर बारदाना टाकून त्याला गप्प बसवावं लागतं. सूर्य जेव्हा सर्वांत जास्त द्यायला तयार असतो, तेव्हा आपल्याला तो नको असतो. तेव्हा १५००चा आकडा वऱ्हाडात निम्म्यानंही खरा ठरला तर चांगलं समजावं, असं माझं मत आहे.

तरीही एकत्र कुटुंब, स्वतःचं घर, स्वतःची गच्ची असेल तर मी ‘बसवा’ म्हणतो. पण लगेच दुसरा प्रश्न विचारतो: पाणी कोणतं?

कारण वऱ्हाडात या यंत्राचं भांडण उन्हाशी नाहीच, पाण्याशी आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरलाय, तिथे जमिनीखालचं पाणी मिठाचं. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर ही नावं घेतली की जाणता माणूस आधी पाण्याचीच विचारपूस करतो. तिथे बोअरचं पाणी उकळलं की भांड्याला पांढरं अस्तर चढतं. पिण्याच्या पाण्यासाठी वान धरणावरून चौऱ्याऐंशी खेडी योजना आणावी लागली ती याच पट्ट्यासाठी.

माझ्या साळ्याचं घर अकोल्याच्या कडेला, नव्या लेआउटमध्ये. गच्चीवर नळ्यांचा सौरबंब. थंडीत ऐन गरजेला पाणी कोमटच येऊ लागलं म्हणून त्यानं प्लंबर बोलावला, तेव्हा मीही वर होतो. प्लंबरनं नळीच्या बुडाचा कप सोडला. वरच्या रबरी रिंगेला साबणाचं पाणी लावून नळी फिरवत-फिरवत आधी टाकीत थोडी वर ढकलली, मग हलकेच खाली ओढून बाहेर काढली. तिरपी केली तसं आधी पाणी वाहून गेलं आणि त्याच्यामागून भिजलेल्या पोह्यांसारख्या पांढऱ्या खपल्यांचा लगदा गच्चीवर पडला. नळीचा खालचा वीतभर भाग त्यानंच भरला होता. आतली काच गडद काळी, तिच्यावर पांढरे ओघळ.

“भाऊ, उनाची काई चूक नाई यात,” तो म्हणाला. “पानी पाहा ना तुमचं. बोअरचं सोडलं हाय तुमी याच्यात.”

ही नळी मोठी हुशार वस्तू आहे. काचेच्या दोन नळ्या, एकीत एक, मधली हवा काढून टाकलेली. आतल्या नळीवर काळा लेप. ऊन आत येतं, पण मध्ये हवाच नसल्यामुळे उष्णतेला बाहेर पळायला वाट नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपणच टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. मोटार नाही, पंप नाही. टाकीला फोमचं जाड वेष्टण, म्हणून संध्याकाळचं पाणी सकाळी गरम मिळतं. खरी करामत या वेष्टणाची. ऊन दुपारी असतं आणि आंघोळ सकाळी. मधल्या पंधरा-सोळा तासांची उष्णता सांभाळणं, यासाठी आपण पैसे मोजतो.

नळीत क्षार साचले तर ती निदान काढून धुता येते. तांब्याच्या पाइपांचं सपाट काचेचं पॅनेल असेल तर आतले बारीक पाइप चोंदतात आणि मग ॲसिडनं धुवावं लागतं. जड पाण्यासाठी दुहेरी टाकीची पद्धत आहे. त्यात उन्हानं तापणारं पाणी वेगळं आणि नळाला येणारं वेगळं, दोघांची भेट होत नाही, फक्त उष्णता पत्र्यातून पलीकडे जाते. महाग पडते, म्हणून दुकानदार आपणहून तिचं नाव काढत नाही. विचारावं लागतं.

खाऱ्या पाण्याखेरीज दुसरी अडचण म्हणजे नसलेलं पाणी. अकोल्याला पाणी येतं महानच्या काटेपूर्णा धरणातून, आणि नळ रोज येत नाही हे अकोलेकरांना मी सांगायला नको. वरची टाकी रिकामी झाली, सौरबंबात पाणी उतरलं नाही, नळ्या कोरड्या पडल्या की भर उन्हात त्यांच्या आतलं तापमान २०० अंशांच्या वर जातं. अशात दुपारी नळ येतो. घरची मंडळी आनंदानं मोटार लावतात, गार पाणी तापलेल्या काचेवर पडतं आणि गच्चीवर फटाके फुटल्यासारखे आवाज येतात. हमीपत्रात हे बसत नाही. नळ्या कोरड्या पडल्याच तर सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी पाणी सोडायचं, नाहीतर ताडपत्री टाकून त्या निवू द्यायच्या. बसवून देणाऱ्यानं ही एक गोष्ट पहिल्या दिवशी घरातल्या बाईमाणसांना सांगितली तरी पुष्कळ काच वाचेल. मोटारीचं बटण बहुतेक घरांत त्यांच्याच हाती असतं, आणि बसवणारा बोलतो घरधन्याशी.

फ्लॅटवाल्यांना गच्चीच नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. साधा टाकीचा गिझरही नीट वापरला तर बरंच साधतं. गिझरवरच्या ताऱ्यांबद्दल मात्र गैरसमज आहे. लोकांना वाटतं, पाच तारे म्हणजे कमी विजेत पाणी तापतं. विजेचा कुठलाही गिझर वीज जवळपास सगळीच्या सगळी उष्णतेत बदलतो, त्यात डावं-उजवं नाही. तारे मोजतात ते तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून असताना किती उष्णता गळते, हे. ज्या घरात गिझर दिवसभर चालूच राहतो, तिथे तारे कामाचे. बटण दाबून दहा मिनिटांत आंघोळ उरकून बटण बंद करणाऱ्याला त्यांचा फरक फारसा जाणवणार नाही. त्यानं थर्मोस्टॅट ५० अंशांवर आणावा. पाणी ७० अंशांपर्यंत तापवायचं आणि मग त्यात निम्मं गार पाणी इसणायचं, याला काय म्हणावं? शिवाय पाणी जितकं जास्त तापेल तितके क्षार भराभर बसतात. कॉइल जळण्याच्या निम्म्या तक्रारी त्या गोल बटणाशी येऊन थांबतात. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. खाऱ्या पाण्यानं टाकीऐवजी तिला खावं म्हणून मुद्दाम ठेवलेली. ती झिजून संपली की पाणी टाकीवर घसरतं. सर्व्हिसिंगला आलेल्याला ‘कांडी दाखव’ म्हणा.

खेड्यात चित्र निराळं. तिथे आजही सकाळी पाणी तापतं ते पऱ्हाटीवर नि तुऱ्हाटीवर. कपाशी निघाली की धुऱ्यावर, घरामागे पऱ्हाटीचे ढीग लागतात आणि वर्षभर चुलीखाली जातात. आमच्याकडे घरोघरी तांब्याचा बंब होता. मधोमध नळकांडं, त्यात विस्तव, भोवती पाणी. आगीला चारी बाजूंनी पाण्यानंच वेढलंय म्हटल्यावर उष्णता जाईल कुठे? वरून एक तांब्या गार ओतला की तोटीतून तेवढंच कढत बाहेर. उघड्या चुलीवर गंज ठेवून पाणी तापवण्यापेक्षा यात सरपण कितीतरी कमी लागतं. चार-दोन पऱ्हाट्यांत घरातली लेकरं न्हाऊन निघायची.

हा बंब भंगारात गेला आणि आता परत येतोय, तोही वाघांमुळे. वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या संस्थेनं चंद्रपूर भागात, वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच्या गावांत सुधारित बंब वाटले. योजनेचं नाव ‘हीटर ऑफ होप’. गॅस आला तरी बायका जंगलात सरपणाला जातच होत्या, कारण स्वयंपाक गॅसवर होई, पण आंघोळीचं पाणी कोण गॅसवर तापवणार? सिलिंडर महिनाभर पुरायला नको? पाणी चुलीवर, चूल लाकडावर, लाकूड जंगलात आणि जंगलात वाघ. बंबात काटक्याकुटक्या, शेतातला कचरा, गोवऱ्या, काहीही चालतं. मेळघाटच्या पायथ्याची गावं आणि चिखलदऱ्याची थंडी डोळ्यांपुढे आणा. सौर नळ्यांपेक्षा हे यंत्र तिथे मला जास्त पटतं.

गच्चीवर आता नवा स्पर्धकही आलाय. २०२४च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटच्या पॅनेलला ७८ हजारांचं अनुदान. सौरबंबाला केंद्राचं अनुदान पूर्वी होतं, ते बंद झालं. मालमत्ता करात सौरबंबासाठी सूट देणाऱ्या पालिकांत मागे नागपूर-ठाण्याबरोबर अमरावतीचंही नाव घेतलं जाई. साहजिकच लोक आता पॅनेलकडे वळतात. जागेच्या हिशेबानं पाणी तापवायला नळ्याच सरस, कारण पॅनेल उन्हाचा पाचवा हिस्सा पकडतं आणि नळी निम्म्याच्या पुढे. पण पॅनेलची वीज मे महिन्यात कूलरला लागते आणि जानेवारीत गिझरला. वऱ्हाडी माणसाला वर्षभर उपयोगी पडेल अशी ती वस्तू आहे. गच्ची लहान असेल तर मी पॅनेलला मत देईन.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेचा वेगळा विभाग आहे. खारपाणपट्ट्याच्या पाण्यात कोणती टाकी, कोणती नळी किती वर्षं तग धरते, याचा एक साधा तक्ता तिथून मिळाला आणि प्रत्येक पंचायत समितीत टांगला गेला, तर विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांपेक्षा त्याला जास्त वाचक मिळतील.

साळ्यानं तूर्तास एवढंच केलं: सौरबंबाची लाइन बोअरच्या टाकीवरून काढून नळाच्या पाण्याच्या टाकीला जोडली. बोअर आता अंगण, भांडी आणि कूलरपुरता. नळ्या सगळ्या धुऊन बसवल्या, दोन बदलाव्या लागल्या. पुढं काय काळजी घ्यायची, असं त्यानं विचारलं तेव्हा प्लंबर हत्यारं पिशवीत भरत होता.

“वर्षातून एकडाव धुवाच लागते,” तो म्हणाला. “पन दसऱ्याच्या आंधी फोन करजा. दिवाळीच्या पहाटे आंग धुवाच्या टाइमाले केला, त मी काई येत नाई.”