गोळी जिभेखाली, गाव कड्यावर

गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, किंवा वेदनाशामकांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन द्यायचे काम सिस्टरचे. गोळी चुरडायची, जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत रुग्णाला समोरून हलू द्यायचे नाही. हे रोज. शहरात ठीक आहे. पण रुग्ण कोकणकड्यावरच्या आहुप्याचा असला तर? डिंभे धरणाच्या पाण्याला वळसे घालत घोडेगाव गाठण्यातच त्याची दिवसाची मजुरी बुडाली. नर्सिंगमधल्या संशोधनाने पहिल्यांदा हे अंतर हाती घ्यावे. कोविडच्या टाळेबंदीत काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायची मुभा मिळाली होती. त्या गोळ्या रुग्णाने नेमाने घेतल्या, विकल्या, की बायकोने ट्रंकेत कुलूप लावून ठेवल्या?

आहुप्यात गर्दची साथ आहे, असे आम्ही म्हणत नाही. तिकडे व्यसन म्हटले की दारू आणि मिश्रीच डोळ्यापुढे येते. पण एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींवर निघाले आणि त्यांत हेरॉइनच्या खालोखाल औषधी गोळ्या-सिरप होते. गोळीला पुडीसारखी बदनामी नसते. भाताची काढणी आटोपली की या पट्ट्यातली माणसे नारायणगावला मजुरीला उभी राहतात. रात्री ठणकणाऱ्या कंबरेवर कोण कोणती गोळी देतो, चिठ्ठीवर की चिठ्ठीविना, हे गावच्या आशाताईला कुणी विचारले आहे?

एम.एस्सी. नर्सिंगच्या बहुतेक प्रबंधांचा साचा मात्र ठरलेला. मुलींना प्रश्नावली द्या, तासभर व्याख्यान द्या, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा द्या. गुण वाढतात. वाढणारच, त्यात शोध कसला?

1986 साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केले, तेव्हापासून पुण्याला एक गोष्ट ठाऊक आहे: गर्द सुटणे सोपे, घरी गेल्यावर सुटलेले टिकणे अवघड. तो टिकाव उपकेंद्राच्या सिस्टरच्या नजरेसमोर घडतो किंवा मोडतो. तिला नुसती माहिती गोळा करणारी न ठेवता संशोधक म्हणून मानधन आणि वेळ द्या. लक्षणे विचारणाऱ्या परदेशी प्रश्नावलीचे भाषांतर तिच्या उपयोगाचे नाही. नशा तुटली की शहरातला गर्दुल्ला ‘टर्की लागली’ म्हणतो. गोळी सुटलेला मजूर ‘अंग मोडून आलंय, नाक गळतंय’ एवढेच सांगेल आणि सिस्टर त्याला तापाची गोळी देऊन घरी पाठवेल.