एका दिवसाचा गड आणि मुक्कामाची वाट

डोंगरात जाणाऱ्या मंडळींत एक वाद नेहमी रंगतो. एका दिवसाची खडी चढाई अवघड, की मुक्काम करत केलेली लांबची चाल? उत्तर बहुतेक वेळा पुरुष देतात आणि ते फूट नि किलोमीटर मोजून देतात. मैत्रिणींनो, हे माप आपण बायकांनी एकदा तपासून पाहायला हवं. त्यासाठी लांब जायला नको. शाहूवाडी तालुक्यात ह्या दोन्ही गोष्टी एकाच गडापाशी येऊन मिळतात.

विशाळगडाच्या पायथ्यापर्यंत मलकापूर, आंबा, गजापूर अशी गाडी जाते. दरीवरचा पूल ओलांडला की चढ लागतो. सकाळी निघालेली बाई गड बघून दिवेलागणीला घरी परतू शकते. ह्याच गडाला दुसरी वाट पन्हाळ्याहून येते. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज भर पावसात ह्याच मुलखातून विशाळगडाला पोचले. मागे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे साथीदार लढता लढता पडले. तीच आजची पावनखिंड. आता दर पावसाळ्यात शेकडो माणसं मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, पाटेवाडी, पांढरेपाणी अशी ही वाट चालतात. अंतर ५० ते ६० किलोमीटर भरतं आणि बहुतेक गट मध्ये एक रात्र मुक्काम करतात.

आधी शरीरापुरतं बोलू. खड्या चढाईत धाप लागते, मांड्या भरून येतात, ओल्या कातळावर पाय सटकला तर जिवावर बेतू शकतं. ती सोपी आहे असं कुणी म्हणू नये. पण ती संध्याकाळी संपते. लांबच्या वाटेवर एकेक चढ पाहिला तर काहीच वाटत नाही. तिथे त्रास साठत जातो. चिखल, भातखाचरांचे बांध, जळवा, सकाळपासून भिजलेले बूट, टाचेला आलेले फोड, घासून सोललेल्या मांड्या. आणि हे सगळं घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उठायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे पळणारे दुसऱ्या दिवशी लंगडतात, आणि बेताने चालणारी मागची बाई त्यांना गाठते.

१८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक हिशेब मांडला. दर ३ मैलांना एक तास आणि दर २,००० फूट चढाईला एक तास जादा. म्हणजे ६ मैलांची वाट आणि ३,००० फुटांचा चढ असेल तर साडेतीन तास. हा हिशेब आजही डोंगरात वापरतात आणि तो उपयोगी आहे. पण तो डोंगराच्या पायथ्याशी सुरू होतो. बाईची चढाई घराच्या उंबऱ्यापासून सुरू होते.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. एका दिवसाच्या चढाईसाठी बाई काय करते? पहाटे चारला उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकते, आणि परत आल्यावर भांडी घासते. म्हणजे घराला तिच्या जाण्याची झळ लागतच नाही. मुक्कामाच्या वाटेला ही युक्ती चालत नाही. तिथे रात्र आडवी येते. मुलांना कोण बघेल, सासूचं औषध कोण देईल, परक्या ठिकाणी कुणाबरोबर झोपणार, लोक काय म्हणतील? मजुरी करणारीची दोन दिवसांची रोजी बुडते ती वेगळीच. त्यातून पाळी आली, तर आडोसा कुठे आणि पाणी कुठे? ह्यातली एकही गोष्ट नकाशावर दिसत नाही, आणि बहुतेक बायका ह्याच गोष्टींपाशी अडतात.

पायांत बळ नाही असं म्हणायची सोय कुणालाच नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर हजारो बायका दरवर्षी चालतात, कित्येकजणी डोक्यावर तुळस घेऊन. तिथे घर आडवं येत नाही, कारण ते देवाचं काम आहे. बाई स्वतःसाठी चालायचं म्हणाली की मात्र परवानगीचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत १९५५ साली एमा गेटवूड ही ६७ वर्षांची, अकरा मुलांची आई, अ‍ॅपलाचियन ट्रेल ही सुमारे ३,३०० किलोमीटरची वाट एकटीने चालून गेली. नवऱ्याचा मार तिने वर्षानुवर्षं सोसला होता, पुढे घटस्फोट घेतला होता. निघताना मुलांना तिने एवढंच सांगितलं की फिरायला जाते. तिथलीही बाई खरं सांगून निघू शकत नव्हती!

आणि वाटेवरच्या वाड्यांतली बाई? मोळी आणि घागर घेऊन ती हेच चढ रोज चढते. तिच्या चालण्याला कुणी मोहीम म्हणत नाही. मुक्कामाला आलेल्यांची भाकरी चुलीपुढे बसून तीच थापते.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. दोन्हींत लांबची वाट अधिक अवघड, आणि म्हणूनच आपल्या गटांनी तीच निवडावी. एका दिवसाच्या सहलीने मन मोकळं होतं, तेही हवंच. पण घरातली कामाची वाटणी बदलते ती बाई रात्री घरी नसते तेव्हा. तयारीही त्याच बेताने करावी. तारीख महिनाभर आधी ठरवावी आणि घरातल्या पुरुषांची एक बैठक घेऊन दोन दिवसांचा स्वयंपाक नि मुलं कोण सांभाळणार हे नावानिशी ठरवावं. मुक्कामाच्या जागी संडास, पाणी, दिवा आहे का हे दोघीजणींनी आधी जाऊन पाहावं. पाळीसाठी लागणारं सामान गटाच्या पेटीत असावं. रोजी बुडणाऱ्या मैत्रिणीसाठी वर्गणीतून तरतूद करावी. वाडीतल्या बाईच्या भाकरीचे पैसे तिच्याच हातात द्यावेत, आणि तिलाही आपल्याबरोबर खिंडीपर्यंत चालायचं आहे का, हे विचारावं.