आधी मोजणे तपासा, मग औषध

अलिबागला चुंबकीय वेधशाळा आली ती मुंबईच्या ट्राममुळे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून कुलाब्याला होत होत्या. मुंबईतील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरले, तेव्हा त्या विजेमुळे कुलाब्याचे आकडे बिघडणार हे उघड होते. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. इमारतीतले लोखंडही मापन बिघडवते, त्यामुळे बांधकामाला चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड वापरला. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी ठेवल्या गेल्या आणि आकडे ताडून झाल्यावरच कुलाब्याचे चुंबकीय मापन थांबले.

ट्राम तर बाहेरची होती. पण कधीकधी मोजणारे उपकरणच गडबड करते, हे विजेच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्यांना ठाऊक असते. नऊ व्होल्टच्या बॅटरीला एकापाठोपाठ एक लाख ओहमचे दोन रोध जोडले, तर प्रत्येकावर साडेचार व्होल्ट असतात. मात्र स्वतःचा रोध एक लाख ओहम असलेला मीटर त्यातल्या एकावर लावला, की तो तीनच व्होल्ट दाखवतो. मीटर बिघडलेला नसतो. विजेला मीटरमधून दुसरी वाट मिळाल्याने तिथे खरोखरच तीन व्होल्ट उरलेले असतात. जाणकार कारागीर अशा वेळी लगेच सुटे भाग बदलत नाही. जास्त रोधाचा मीटर लावून पुन्हा बघतो.

दवाखान्यात बीपी बघताना असेच घडते. मुरूड किंवा श्रीवर्धनच्या गावातून एसटीने आलेला, रांगेत तासभर उभा राहिलेला माणूस खुर्चीत बसतो आणि लगेच दंडाला पट्टा आवळला जातो. डॉक्टरांसमोर बसल्याच्या धास्तीनेच अनेकांचा रक्तदाब वाढतो. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर आकडा सात-आठने जास्त येतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, मोजताना बोलणे चालू राहिले किंवा लघवी तुंबलेली असली, तरी तो चढतो. यंत्र ठीक असते आणि आकडाही त्या क्षणापुरता खरा असतो, पण तो त्या माणसाचा रोजचा रक्तदाब नसतो.

त्या एका आकड्यावर गोळी सुरू झाली, तर ती बहुधा आयुष्यभर चालते. गरज नसताना रक्तदाब उतरवला तर म्हातारी माणसे चक्कर येऊन पडतात आणि खुब्याचे हाड मोडून घेतात. याउलट, काहींचा रक्तदाब दवाखान्यात नीट भरतो आणि घरी वाढलेला असतो. त्यांचा आजार निसटून जातो. म्हणून आकडा फार जास्त नसेल आणि छातीत दुखणे, धाप लागणे, हातपाय लुळे पडणे अशी लक्षणे नसतील, तर औषधाआधी पुन्हा मोजणे हाच शहाणपणा. आधीपासून गोळी चालू असलेल्यांनी मात्र ती मनाने बंद करू नये.

पद्धत साधी आहे. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला असावा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. जमेल त्यांनी काही दिवस घरी सकाळ-संध्याकाळ मोजून वही डॉक्टरांना दाखवावी. दवाखान्यात १४०/९०, तर घरी १३५/८५ ही वाढलेल्या रक्तदाबाची सीमा मानतात. घराची सीमा कमी धरण्याचे कारण वर आलेच आहे.

सरकारी दवाखान्यांना यासाठी महागडे यंत्र नको. पाठ टेकायला खुर्च्या, लहान-मोठे पट्टे आणि रांगेतल्या माणसाला आधी पाच मिनिटे बसवण्याची सवय, एवढे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हायला हवे. रुग्णांनीही संकोच न करता म्हणावे, "डॉक्टर, जरा बसतो, मग मोजा."