विश्लेषण : दुर्बीण अंतराळात, संशोधन नांदेडमध्ये! सक्रिय दीर्घिकांचा अभ्यास कसा होतो?

छत्रपती संभाजीनगर : भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या अंतराळ वेधशाळेला २८ सप्टेंबर २०२५ रोजी दहा वर्षे पूर्ण झाली. तिने टिपलेल्या सक्रिय दीर्घिकांच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी मोफत खुल्या होतात. पण मराठवाड्यात बसून त्यांचा उपयोग होतो का? नांदेडचे एक उदाहरण ‘हो’ म्हणते.

सक्रिय दीर्घिका म्हणजे काय?

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रात महाकाय कृष्णविवर असते. आपल्या आकाशगंगेतले कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे, पण सध्या शांत आहे. जिथे कृष्णविवराकडे वायू सतत ओढला जातो, तिथे तो चकतीसारखा फिरत प्रचंड तापतो आणि केंद्र झगमगते. कार्ल सेफर्ट यांनी १९४३ मध्ये अशा दीर्घिकांचा अभ्यास मांडला.

दोन प्रकारचा प्रकाश कशासाठी?

चकतीतून मुख्यतः अतिनील आणि दृश्य प्रकाश येतो. क्ष-किरण कृष्णविवराच्या अगदी जवळून. दृश्य वर्णपटातील रेषांच्या रुंदीवरून वायूचा वेग कळतो आणि त्यावरून कृष्णविवराच्या वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो. धूळ दृश्य प्रकाश अडवते, जास्त ऊर्जेचे क्ष-किरण मात्र आरपार जातात. पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेते, म्हणून त्यांची दुर्बीण अंतराळातच हवी.

नांदेडमध्ये काय सापडले?

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यासह एनजीसी ६३३८ या दीर्घिकेचा अभ्यास केला. नवी निरीक्षणे न घेता त्यांनी ‘नासा’च्या ‘चंद्रा’ दुर्बिणीच्या जुन्या नोंदी तपासल्या. क्ष-किरणांत दीर्घिकेच्या तप्त वायूत किमान दोन पोकळ्या दिसल्या. कृष्णविवरातून सुटणारे झोत वायू बाजूला सारतात, तेव्हा अशा पोकळ्या होतात. क्ष-किरणांत दिसलेले वायूचे तंतू दृश्य प्रकाशातील हायड्रोजनच्या तंतूंशी सुमारे ४९ हजार प्रकाशवर्षांपर्यंत जुळले. हा वायू केवळ नव्या ताऱ्यांमुळे उजळलेला नाही, हे दृश्य वर्णपटाने सांगितले. हे संशोधन २०१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

विद्यार्थ्यांसाठी अर्थ काय?

लॅपटॉप, इंटरनेट आणि थोडे पायथन एवढ्यावर सुरुवात होते. खरी अडचण मार्गदर्शकाची असते. नोंदीतील खरा संकेत आणि उपकरणाचा गोंगाट वेगळा करणे एकट्याने शिकणे कठीण. अ‍ॅस्ट्रोसॅटचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचेच होते. तो केव्हाही थांबू शकतो; त्याच्या नोंदी मात्र पुढेही अभ्यासता येतील. त्या वाचणारे हात आपल्या महाविद्यालयांत तयार होणार का, हा प्रश्न आहे.