जुन्या पोकलेनचा सेन्सर बदलूनही बिघाड का जात नाही?

पोकलेनच्या डिस्प्लेवर बिघाडाचा कोड येतो, इंजिन ताकद धरत नाही आणि काम थांबते. मेकॅनिक कोड बघतो, ‘सेन्सर गेलाय’ म्हणतो, नवा सेन्सर बसवतो. दोन दिवसांनी तोच कोड पुन्हा हजर. जुने मशीन घेऊन तासाच्या भाड्याने चालवणाऱ्या अनेकांना हा प्रकार ओळखीचा आहे. मशीन उभे राहिले तरी कर्जाचा हप्ता आणि ऑपरेटरचा पगार थांबत नाही. म्हणूनच ‘बदलून बघू’ ही पद्धत मालकाला सर्वात महाग पडते.

इंजिनला सेन्सर कशासाठी?

आधीच्या इंजिनांत डिझेलचे प्रमाण यांत्रिक पंप ठरवत असे. कॉमन रेल इंजिनात ते काम ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक करतो. ऑइलचा दाब, पाण्याचे तापमान, रेलमधील डिझेलचा दाब, इंजिनचे फेरे ही माहिती त्याला सेन्सर पुरवतात. माहिती चुकीची आली, की इंजिन वाचवण्यासाठी तो ताकद कमी करतो किंवा इंजिन बंद करतो. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना देशात एप्रिल २०२१ पासून स्टेज-४ आणि जानेवारी २०२५ पासून स्टेज-५ ही प्रदूषण मानके लागू झाली. चेनवरच्या अनेक पोकलेनमध्ये तर इलेक्ट्रॉनिक इंजिने आधीपासून आहेत. त्यामुळे सेकंड हँड बाजारात अशा मशीनची संख्या वाढतच जाणार.

कोड नेमके काय सांगतो?

बहुतेक अवजड यंत्रांत जे-१९३९ ही पद्धत वापरतात. काही कंपन्या स्वतःचे कोडही देतात. जे-१९३९ मध्ये कोडचे दोन भाग असतात. एसपीएन हा आकडा कोणत्या मोजमापाची तक्रार आहे ते सांगतो: १०० म्हणजे ऑइलचा दाब, ११० म्हणजे पाण्याचे तापमान, १५७ म्हणजे रेलचा दाब. एफएमआय हा दुसरा आकडा तक्रारीचा प्रकार सांगतो, आणि दुर्लक्ष नेमके त्याच्याकडेच होते.

एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट तुटलेले. या तिन्हींत संशय आधी वायर आणि कपलरवर घ्यावा. एफएमआय १ चा अर्थ मात्र वेगळा आहे. सेन्सर बरोबर सांगतो आहे आणि दाब खरोखरच धोकादायक पातळीखाली गेला आहे, असे तो सुचवतो. ‘१००-४’ आणि ‘१००-१’ दिसायला सारखे, पण पहिल्यात वायर तपासायची आणि दुसऱ्यात इंजिन ताबडतोब बंद करायचे. दुसरा कोड आल्यावर सेन्सर बदलून मशीन पुन्हा कामाला लावले, तर इंजिन जाम होऊन खर्च लाखांत जाऊ शकतो.

बिघाड लपतो कुठे?

जुन्या मशीनच्या वायरिंगने सतत हादरे, सायलेन्सरची उष्णता, पावसाळा आणि प्रेशरने धुणे सोसलेले असते. कपलरमध्ये पाणी शिरून पिनांवर हिरवा गंज चढतो. उभ्या मशीनच्या वायरी उंदीर कुरतडतात. कुणीतरी पूर्वी टेप गुंडाळून केलेला जोडही सैल होतो.

दाबाच्या सेन्सरना ईसीएमकडून ५ व्होल्ट पुरवठा मिळतो आणि अनेकदा एकाच लाइनवर दोन-तीन सेन्सर असतात. त्यातील एक शॉर्ट झाला, तर सगळेच चुकीची माहिती देतात. एकदम तीन-चार कोड आले म्हणजे तीन-चार सेन्सर गेले असे नव्हे.

जागेवर तपासणी कशी करावी?

• कोड आधी लिहून किंवा फोटो काढून ठेवावा, मगच पुसावा.

• बॅटरीचे व्होल्टेज आणि इंजिन-चासीची अर्थिंग तपासावी.

• कपलर काढून पिना पाहाव्यात. चावी ऑन ठेवून वायरच्या बाजूला मल्टिमीटरने ५ व्होल्ट येतात का पाहावे. येत नसतील, तर त्या लाइनवरचे इतर सेन्सर एकेक करून काढावेत. ज्याच्या काढण्याने ५ व्होल्ट परत येतील, दोष तिथे.

• दोन पिनांच्या तापमान सेन्सरचा कपलर इंजिन बंद, चावी ऑन असताना काढला, की रीडिंग अतिथंड दिसायला हवे. कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या, की अतिगरम. तसे झाले तर वायर आणि ईसीएम ठीक, सेन्सर बदलायला हरकत नाही. ही चाचणी ५ व्होल्टच्या सेन्सरवर करू नये.

• ऑइलच्या दाबाची तक्रार असेल, तर यांत्रिक गेज लावून खरा दाब मोजल्याशिवाय मशीन चालवू नये.

जुने मशीन घेताना काय पाहावे?

व्यवहारापूर्वी मशीन सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पाहावे. चावी ऑन करताच इशाऱ्याचे दिवे लागून विझले पाहिजेत. लागतच नसतील, तर दिवा काढून बिघाड लपवला असू शकतो. इंजिन सुरू करण्याआधी स्कॅनरवर पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसावे, रेलचा दाब शून्याच्या आसपास असावा. या तपासणीला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. स्कॅनर लावू न देणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार टाळलेला बरा.

जबाबदारी फक्त मालकाची?

नाही. मेकॅनिक अंदाज बांधतो, कारण कोडचा अर्थ आणि वायरिंगचा नकाशा त्याच्या हाती नसतो. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना न देण्याच्या मुद्द्यावर स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्यासमोरील क्षेत्रांत शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने होती. बांधकाम यंत्रांचा वेगळा उल्लेख नव्हता. तो व्हायला हवा. मशीन दुसऱ्या मालकाकडे गेले, तरी कोडची यादी आणि वायरिंगचा नकाशा त्याला कंपनीकडून मिळाला पाहिजे. तोवर मालकाने मेकॅनिकला एवढे जरूर विचारावे : सेन्सर बदलण्याआधी ५ व्होल्ट मोजले का?