सगळेच शिकारी निषाद नव्हेत

पक्ष्यांविषयी जे लेखन अलीकडे आमच्या वाचनात येते, त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार पक्षिसहलीच्या वृत्तान्ताचा. पहाटेचा गारवा, गळ्यात दुर्बीण, पाणथळीच्या काठावरची कुजबुज आणि अखेरीस आकडा : आठ दिवसांत इतक्या जाती पाहिल्या. दुसरा प्रकार चर्चासत्रातल्या निबंधाचा. त्यात संवर्धन ही सुखवस्तू पाश्चात्त्यांची चैन ठरते, शिकार ही स्थानिकांची संस्कृती ठरते आणि ‘परंपरा’ हा शब्द उच्चारला की विवेचन संपते. पहिल्या लेखनात शिकारी नसतो. दुसऱ्यात पक्षी नसतो.

मध्यंतरी या दुसऱ्या प्रकारचा एक निबंध आम्ही ऐकला. विषय होता भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटावरची वसंत ऋतूतील शिकार. १९६४ पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात असलेले एक चिमुकले राष्ट्र. तिथल्या साध्या माणसांची जुनी परंपरा. आणि ती मोडायला निघालेली ब्रसेल्सची नोकरशाही व दुर्बिणी घेऊन उतरणारे इंग्रज पर्यटक, अशी मांडणी होती. सभागृहाला ती पटली. पटणारच, कारण साहित्याच्या वर्गांत कित्येक वर्षे आपण हेच शिकवत आलो आहोत : दडपलेल्याचा आवाज ऐका, केंद्राकडे संशयाने पाहा. ही शिकवण आम्हांला आजही मोलाची वाटते, आणि म्हणूनच तिचा असा स्वस्तात झालेला वापर खटकतो. आम्ही दोघांनी या बेटावर एप्रिलमधला एक आठवडा पक्षी पाहण्यात घालवला आहे. परंतु उत्तर द्यायचे आहे ते त्या आठवड्याच्या बळावर नव्हे, माल्टाच्याच इतिहासाच्या बळावर.

माल्टा, गोझो आणि कोमिनो ही बेटे मिळून हा देश ३१६ चौरस किलोमीटरचा. लोकसंख्या पाच लाखांवर. उत्तरेला सुमारे नव्वद किलोमीटरवर सिसिली. आफ्रिकेत हिवाळा काढून विणीसाठी युरोपात परतणाऱ्या पक्ष्यांना सहारा ओलांडल्यावर समुद्र लागतो, आणि त्या समुद्रात टेकायला जी मोजकी भूमी आहे तीत ही बेटे येतात. एप्रिलमध्ये आदिराच्या पाणथळीवर उंच तांबड्या पायांचा शेकाट्या दिसतो, बुस्केटच्या झाडीवर भोवत्या संथ घिरट्या घालतो, तारांवर वेड्या राघूचे युरोपीय भाईबंद बसतात. कड्यांवर ‘मेरिल’ असतो, म्हणजे निळा कस्तूर. हिवाळ्यात आपल्या गडकोटांवर दिसतो त्याच जातीचा. १९७१ पासून तो माल्टाचा राष्ट्रीय पक्षी आहे. आणि उजाडण्यापूर्वीपासून कानांवर बंदुकीचे बार येत राहतात. वसंतातील शिकारीला दुपारी बारापर्यंतच मुभा असल्यामुळे बारानंतर रान एकाएकी शांत होते. माळावर शिकाऱ्यांच्या दगडी आडोशांपाशी पांढऱ्या रंगात ‘आर.टी.ओ.’ अशी अक्षरे काढलेली असतात. आपल्याला परिवहन कार्यालय आठवते; तिथे त्याचा अर्थ ‘मालकासाठी राखीव’ असा आहे. आमच्या गटातील काहींनी पुढे सहलीचा वृत्तान्त लिहिला. त्यात शेकाट्या आहे, राघू आहे, मेरिल आहे. बार मात्र एकही नाही.

आता वादाचा विषय. वसंतात माल्टाचा शिकारी मागतो ते दोन पक्षी : लावा आणि युरोपीय होला. होल्याचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. युरोपात त्याची संख्या १९८० पासून सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटली आणि २०१५ मध्ये त्याची गणना जागतिक पातळीवर असुरक्षित जातींत झाली. शेतीतील बदल हे या ऱ्हासाचे मोठे कारण आहे, हे शिकाऱ्यांचे म्हणणे खरेच आहे. पण मुद्दा ऋतूचा आहे. शरदात दक्षिणेकडे जाणाऱ्या थव्यात त्या वर्षीची पिले असतात आणि त्यांतली बरीच हिवाळ्यात अशीही मरतात. वसंतात परतणारा पक्षी हा हिवाळा, दुष्काळ आणि वाळवंट यांतून तरलेला असतो. काही दिवसांत तो घरटे करणार असतो. शरदातील एक पक्षी आणि वसंतातील एक पक्षी यांची किंमत म्हणूनच सारखी नाही. युरोपच्या १९७९ च्या पक्षिविषयक कायद्याने शिकार सरसकट निषिद्ध केलेली नाही. विणीकडे परतणाऱ्या पक्ष्याला मारू नये, एवढेच त्याचे मागणे आहे. त्यालाही अपवादाची वाट ठेवलेली आहे. ‘परंपरा चिरडली’ म्हणणाऱ्या निबंधात एवढा साधा भेद आला नव्हता.

परंपरेबद्दलही थोडे बोलू. माल्टी ही सेमिटिक वंशाची, अरबीशी रक्ताचे नाते असलेली आणि रोमन लिपीत लिहिली जाणारी भाषा. तिच्यात सापळा लावून पक्षी धरणारा तो ‘नस्साब’. हा शब्द अरबी मुळाचा. शिकारीला मात्र ‘काच्चा’ म्हणतात आणि तो शब्द इटालियनकडून आला. एकाच छंदाच्या दोन शब्दांत दोन निरनिराळे काळ दिसतात. ज्याला एकसंध, अनादी परंपरा म्हणून आपल्यापुढे ठेवले जाते, ती अशी थराथरांनी साचलेली असते. भाषेच्या अभ्यासकांना तरी हे सांगावे लागू नये.

दडपलेल्या शिकाऱ्याची खरी कथाही माल्टाच्या इतिहासात आहे. बेटावर सेंट जॉनच्या सरदारांची सत्ता असताना ग्रँड मास्टर शिमेनेस याने शिकारीवर घातलेली बंदी हे लोकांच्या असंतोषाचे एक कारण होते, आणि १७७५ मध्ये पाद्र्यांच्या पुढाकाराने तिथे उठाव झाला. परकी सत्ताधीश प्रजेच्या ताटातला घास काढून घेतो, तेव्हा प्रजेच्या बाजूने उभे राहावे. त्याबद्दल आमचा वाद नाही. पण १७७५ चा शिकारी आणि आजचा शिकारी यांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे. आज परवानाधारक शिकारी सुमारे दहा हजार आहेत. त्यांच्या महासंघाच्या नावातच शिकारी, सापळेकरी आणि ‘संवर्धक’ असे तीन शब्द आहेत. तिसरा शब्द तिथे कसा आला, यावर एखाद्या विद्यार्थ्याने जरूर लिहावे. २०२० मध्ये सरकारने करार करून मिझीब आणि लाहराश या दोन सार्वजनिक वनभूमींची व्यवस्था या महासंघाकडे सोपवली. परिघावरच्या माणसाच्या हाती अशी वनभूमी पडलेली आम्ही तरी पाहिलेली नाही.

याहून बोलके उदाहरण २०१५ चे. वसंतातील शिकार बंद करावी म्हणून चाळीस हजारांहून अधिक माल्टी नागरिकांनी सह्या केल्या आणि देशाला सार्वमत घ्यावे लागले. पंतप्रधान जोसेफ मस्कत आणि विरोधी पक्षनेते सायमन बुसुत्तिल, दोघांनीही शिकार चालू राहावी या बाजूने आपण मत देणार असे जाहीर केले. ११ एप्रिलला मतदान झाले. शिकारीच्या बाजूने १,२६,४३४ मते पडली, विरुद्ध १,२४,२१४. फरक २,२२० मतांचा. सत्ताधारी आणि विरोधक ज्याच्या दारात एकाच वेळी उभे राहतात त्याला दडपलेला म्हणायचे, तर हा शब्द आपण कोशातून काढून टाकलेला बरा. या निकालानंतर हंगाम सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत गोळी लागलेला एक छोटा ससाणा एका शाळेच्या आवारात पडला. मस्कत यांना हंगाम तीन दिवस आधीच गुंडाळावा लागला.

उरतो तो वसाहतवादाचा आरोप. माल्टातील पक्षिप्रेमींची संस्था १९६२ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याही दोन वर्षे आधी, स्थापन झाली. आज ती बर्डलाइफ माल्टा या नावाने ओळखली जाते. १९९२ मध्ये ‘फेटल फ्लाइट’ हे पुस्तक लिहून बेटावरच्या पक्षिहत्येचा हिशेब मांडला तो नाटालीनो फेनेक या माल्टी पत्रकाराने. युरोपचे न्यायालय म्हणावे, तर माल्टा २००४ मध्ये स्वेच्छेने युरोपीय संघात गेला. त्यावर कोणी लष्कर पाठवले नव्हते. २००९ च्या निकालात त्या न्यायालयाने शिकाऱ्यांची एक बाजू मान्यही केली : शरदात या दोन पक्ष्यांच्या शिकारीची संधी माल्टात अगदी कमी मिळते. तरीही २००४ ते २००७ या काळात वसंतात दिलेली मोकळीक प्रमाणाबाहेर होती, असा निर्णय दिला. पुढे २०१७ पासून होल्याची वसंतातील शिकार थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी मर्यादा ठरली १,५०० पक्ष्यांची, आणि किती मारले हे कळवायचे शिकाऱ्यानेच. उलट बाजूला फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगाल यांनी २०२१ पासून काही वर्षे होल्याची शिकार थांबवली, तेव्हा पश्चिम युरोपातील त्याची संख्या सावरू लागली. थांबले की पक्षी परततो, हे आता तर्काचे राहिलेले नाही.

आपल्या परंपरेत पहिला श्लोक जन्माला आला तो पक्ष्याच्या वधातून, हे विद्यार्थ्यांना आपण पहिल्याच वर्षी सांगतो. त्या कथेचा एक तपशील मात्र बहुधा निसटतो. वाल्मीकींचा शोक आणि शाप नुसत्या वधामुळे नाही. जोडीने रमलेल्या पक्ष्याला विणीच्या काळात मारले, यासाठी आहे. माल्टाचा वाद नेमका तेवढाच आहे. पुढे आपण ही कथा निषादाच्या बाजूने वाचायलाही शिकलो. त्याची भूक, त्याला रानात लोटणारी व्यवस्था आणि शापवाणी उच्चारणाऱ्याला लाभलेला अधिकार यांविषयी प्रश्न विचारू लागलो. ते वाचन आवश्यक होते, आजही आहे. पण त्याचे बळ निषादाच्या वंचिततेत आहे, त्याच्या हातातल्या बाणात नाही. वंचितता वगळून नुसता बाण उचलला, की हौशी बंदूकधारीही निषादाच्या रांगेत येऊन उभा राहतो आणि खऱ्या निषादाची जागा अडवतो. ज्यांचे पोट खरोखर रानावर आहे, त्यांची बाजू मांडताना उद्या आपल्याजवळ शब्द उरणार नाहीत. ते आपण आधीच हौसेवर खर्च केलेले असतील.

सहलीच्या वृत्तान्तकारांनाही आम्ही सोडणार नाही. विमानाने जाऊन, हॉटेलात राहून, परदेशी बेटावर पक्षी पाहणे ही चैन आहे, हा आक्षेप आम्हांलाही लागू आहे आणि आम्ही तो नाकारत नाही. पण त्या चैनीचे निदान एवढे देणे लागते, की जे पाहिले-ऐकले ते सगळे लिहावे. आडोसे, बार, शाळेच्या आवारात पडलेला ससाणा आणि दोन्ही नेत्यांची मते वगळून केलेले एप्रिलमधल्या माल्टाचे वर्णन सुंदर असेल, खरे नसेल. ‘गीतरत्ना’त होल्याचा आवाज ही वसंताची खूण आहे. त्या आवाजावर लिहिणाऱ्याने तो कमी का झाला, हेही लिहावे. वाचकाला कोवळे निसर्गचित्र देऊन वाटेला लावण्याची ही सवय आपल्या पक्षिलेखनाला बरीच जुनी जडली आहे, आणि तिच्यामुळेच दुसऱ्या बाजूच्या निबंधकाराला ‘हे सगळे भाबडे दुर्बीणवाले’ असे म्हणायला मोकळे रान मिळते.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे : कोणी ‘परंपरा’ म्हटले की मान डोलावण्याआधी तिच्यावर कोणाचे पोट आहे ते पाहा, ती मोडली तर कोण उपाशी राहील ते विचारा, आणि तिच्याविरुद्ध बोलणारी माणसे त्याच मातीतली आहेत का याचा शोध घ्या. माल्टात अशी माणसे आहेत. ती वासाहतिक नाहीत, पर्यटक नाहीत. त्याच गावांत राहतात, तीच भाषा बोलतात. सार्वमताच्या दिवशी ती १,२४,२१४ होती. ज्या निबंधात त्यांचा उल्लेखही नाही, त्याला निदान स्थानिकांची बाजू म्हणू नये.