बाबासाहेबांची बस आणि आमच्या पाठीवरची पिशवी

कोलशेतला जयंतीच्या वर्गणीची बैठक होती. आम्ही काही मुला-मुलींनी मांडले की, डीजेचा खर्च यंदा टाळू आणि त्या पैशात वस्तीतल्या वीस पोरांना आठवडाभर लाल परीने लेणी दाखवून आणू. लगेच एक काका उसळले, "हे पाठीवर पिशवी टाकून भटकायचे चोचले शिकल्यासवरल्या सवर्णांचे. आपल्या पोरांनी अभ्यास करावा!" त्या गोंधळात आमचे म्हणणे अर्धवट राहिले. ते इथे पुरे करतो.

काका, 1934 साली बाबासाहेब स्वतः सहलीला निघाले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची म्हणून तीसेक सहकारी नाशिकहून भाड्याच्या बस आणि मोटारी घेऊन येवल्याच्या वाटेने गेले. कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता, कारण अस्पृश्य प्रवाशाला वाटेत काय सोसावे लागते ते त्यांना ठाऊक होते. दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने माखलेल्या मंडळींनी तलावाच्या पाण्याने हातपाय धुतले आणि तलाव बाटवला म्हणून गर्दी अंगावर आली. शेवटी किल्ला पाहू दिला तो एका अटीवर, आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. पाळत ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला. बॅरिस्टर, गोलमेज परिषद गाजवलेला माणूस, आणि पाण्यावर पहारा!

'वेटिंग फॉर अ व्हिसा' उघडून पाहा. 1901 साली मसूर स्टेशनवरून गोरेगावला जाणारी बैलगाडी, बडोद्यात न मिळालेली राहायची जागा, 1929 साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी दिलेला नकार, आणि हे दौलताबाद. बाबासाहेबांचे हे अनुभव वाटेवरचे आहेत. गावात तुमची जात सगळ्यांना माहीत असते, म्हणून कोणी विचारत नाही. वाटेवर ती विचारावी लागते, म्हणून तिथे ती उघडी पडते.

"प्रवासात जातपात नसते" असे रील करून सांगणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, तुम्हाला कधी कोणी आडनाव विचारून नंतर गाव विचारले आहे का? आम्हाला विचारले आहे. एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी गावाचे नाव सांगितले आणि रिकामी असलेली खोली अचानक 'बुक' निघाली. म्हणून रस्त्यावर उतरणे ही आमच्यासाठी चैन नाही, तो हक्क बजावणे आहे. महाडला पाणी पिणे ही तहान भागवण्याची गोष्ट होती का?

दुसरा मुद्दा. आपण जात नाही, म्हणून तिथे दुसरेच बोलतात. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखांत त्रिरश्मी डोंगराचे नाव कोरलेले आहे, पण पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी 'पांडवलेणी'. जुन्नरला लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात अष्टविनायकातला गणपती आहे. आणि आपल्या घोडबंदर रस्त्याने बोरिवलीला उतरले की कान्हेरी. शंभरावर लेणी. तिथल्या एका शिलालेखात कल्याणच्या सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. आपल्या शेजारच्या कल्याणच्या कारागिराने येणाऱ्या-जाणाऱ्याची तहान भागावी म्हणून कातळात पाणी साठवले, आणि सतराअठराशे वर्षांनी त्याच महाराष्ट्रात बाबासाहेबांना पाणी नाकारले गेले. मधल्या काळात काय घडले, हा प्रश्न पोराला त्या पोढीपाशी उभे राहिल्यावर पडेल. डीजेपुढे पडणार नाही.

भटकंती परकी आहे म्हणता? तथागतांनी भिक्खूंना चारिकेला पाठवले. सातव्या शतकात ह्युएन त्संग चीनच्या बादशहाची परवानगी नसताना निघाला. वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून, बामियानच्या बुद्धमूर्ती पाहून तो महाराष्ट्रापर्यंत आला आणि पाहिलेले लिहून ठेवले. त्या लिखाणाच्या आधारे एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमने गाडली गेलेली बौद्ध स्थळे ओळखली. 2001 साली बामियानच्या मूर्ती उडवल्या, पण त्यांचे वर्णन कोणाला उडवता आले नाही. म्हणून नुसते सेल्फी काढून येऊ नका. वही न्या. कोणत्या लेण्यात काय आहे, पाटी काय सांगते, वाटाड्या काय सांगतो, तारखेसह लिहा.

राहिला पैशाचा प्रश्न. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार आणि सात दिवसांचा मिळतो. मार्च 2023 पासून महिलांना एसटीचे तिकीट अर्धे आहे. बहिणींनो, तुम्हाला घरातून सोडत नाहीत हे माहीत आहे. म्हणूनच वीसपैकी दहा जागा मुलींच्या, हा आमचा हट्ट आहे.

अभ्यास करा हे काकांचे म्हणणे आम्हाला मान्यच आहे. पण आपला इतिहास दगडावर कोरलेला आहे आणि तो दगड चालत कोलशेतला येणार नाही. पुढच्या बैठकीत आम्ही हाच ठराव पुन्हा मांडणार आहोत. तुमच्या वस्तीतही मांडा.

जय भीम! नमो बुद्धाय!